घोडं आजारी दिसतंय? लपवू नका, लगेच कळवा! कुणाला कळवायचं, कसं आणि नंतर काय होतं, वाचा सविस्तर

नायगाव (ता. वसई) : लग्नसराई सुरू झाली की वसई तालुक्यात वरातीच्या घोड्यांची धावपळ सुरू होते. एकच घोडी सकाळी जूचंद्रला, संध्याकाळी कामणला आणि दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडे भाईंदरला उभी असते. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे आहेत, हौसेने पाळलेले मारवाडी आणि काठियावाडी घोडे आहेत, माल वाहणारी गाढवं आणि खेचरंही आहेत. गाई-म्हशींना लम्पी झाला तर काय करायचं, हे आता गावात पोरासोरांनाही माहीत आहे. पण घोड्याच्या नाकातनं घट्ट पिवळा शेंबूड यायला लागला, अंगावर गाठी फुटल्या किंवा घोडं रात्रीत मेलं, तर कुणाला फोन करायचा, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

घोड्यांचे काही आजार असे आहेत की त्यांची खबर सरकारला देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यातला एखादा माणसालाही होतो आणि जीव घेऊ शकतो. काही आजार आज आपल्या देशात नाहीत, पण एकदा शिरले तर तालुक्यातले तबेले रिकामे करतील. म्हणून ही माहिती घोडेवाल्यांनी, सईसांनी, नालबंदांनी आणि शेजाऱ्यांनीही वाचावी.

आधी हे दोन नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा

- १९६२ : पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक
- १८००२३३०४१८ : राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक

यासोबत तुमच्या जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबरही आजच घेऊन ठेवा. घोडं आडवं पडल्यावर नंबर शोधत बसायला वेळ मिळत नाही.

नायगावकरांनी जास्त सावध का राहायचं?

पहिलं कारण म्हणजे रस्ता. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. गुजरात आणि राजस्थानातून येणारी जनावरं याच रस्त्याने येतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूजला भरतो. अनेक राज्यांतले घोडे एका मैदानात येतात आणि विकले गेले की वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगतात. एक आजारी जनावर अशा बाजारात उभं राहिलं, तर आजार कुठे कुठे गेला हे शोधणं किती अवघड होईल, याचा विचार करा.

दुसरं कारण म्हणजे मुंबई. परदेशातून येणारी जनावरं जिथे उतरतात आणि क्वारंटाईनमध्ये ठेवली जातात, अशा देशातल्या मोजक्या ठिकाणांपैकी मुंबई एक आहे. बाहेरच्या देशातून जनावर आणण्यावर १८९८ च्या पशुधन आयात कायद्यानुसार नियंत्रण आहे. पण बंदरावरची आणि विमानतळावरची तपासणी ही पहिली चाळण असते. त्यातून काही निसटलं तर ते प्रथम दिसतं ते घोड्याला रोज खरारा करणाऱ्या माणसालाच.

तिसरं कारण म्हणजे आपली खाडी. नायगावभोवती मिठागरं आहेत, तिवरं आहेत, दलदल आहे. ओल आणि चिखल असला की चावणाऱ्या बारीक माशा, डास आणि गोमाशा वाढतात. घोड्यांचे अनेक आजार नेमके यांच्याच चाव्यातून पसरतात.

कोणती लक्षणं दिसली तर कळवायचं?

रोगाचं नाव तुम्ही ओळखलंच पाहिजे असं नाही. ते काम डॉक्टरांचं आणि प्रयोगशाळेचं आहे. तुम्ही फक्त लक्षण ओळखायचं. खालीलपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी कळवा.

- नाकातनं घट्ट, चिकट, पिवळसर किंवा हिरवट स्राव, विशेषतः एकाच नाकपुडीतून
- नाकाच्या आत फोड किंवा व्रण
- पायांवर किंवा अंगावर माळेसारख्या ओळीने आलेल्या गाठी, त्या फुटून वाहणाऱ्या जखमा
- जबड्याखाली कडक सूज
- मोठा ताप आणि डोळ्यांच्या वरच्या खळग्यात सूज
- श्वास लागणं, नाकातोंडातून फेस येणं
- तबेल्यातल्या अनेक घोड्यांना दोन-तीन दिवसांत एकदम ताप आणि कोरडा खोकला
- ताप येणं-जाणं, पोटाखाली आणि पायांवर सूज, खाऊनही रोडावत जाणं
- झोकांड्या जाणं, डोकं भिंतीला लावून उभं राहणं, अचानक आक्रमक होणं
- एकामागून एक गाभण घोड्यांचा गर्भपात
- कोणतंही कारण नसताना अचानक मृत्यू
- कधी न पाहिलेली गोचीड, किंवा जखमेत पडलेले आणि औषध टाकूनही न थांबणारे किडे

सगळ्यात घातक : ग्लँडर्स

ग्लँडर्स हा जिवाणूमुळे होणारा आजार आहे. तो घोडा, गाढव आणि खेचर या तिघांना होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होतो. नाकातला स्राव, जखमेतला पू, एकच पाण्याचं टाकं, एकच तोबरा, एकच लगाम यातून तो पसरतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला कधी आठवडे तर कधी महिनेही लागतात. काही जनावरं वरून ठणठणीत दिसतात आणि तरीही रोग पसरवत राहतात.

यावर लस नाही. आजारी जनावरावर उपचार करायचे नाहीत, असंच सरकारचं धोरण आहे. कारण औषधाने लक्षणं दबतात, जिवाणू आतच राहतो आणि ते जनावर पुढच्या तबेल्यात रोग घेऊन जातं. म्हणून तपासणीत रोग पक्का झाला की जनावराला वेदना न होऊ देता मरण दिलं जातं.

हा आजार महाराष्ट्राला नवा नाही. बऱ्याच वर्षांच्या शांततेनंतर २००६ मध्ये तो पुणे आणि पाचगणी भागातल्या घोड्यांमध्ये पुन्हा सापडला आणि त्यानंतर देशातल्या इतर राज्यांतही आढळत राहिला. इंग्रजांच्या काळात तर खास या एका रोगासाठी १८९९ साली वेगळा कायदा केला होता. त्या काळी सैन्य, टपाल, ट्राम सगळं घोड्यावर चालायचं, म्हणून सरकार या रोगाला घाबरून होतं.

माणसाला तो झाला तर ताप, अंगदुखी, त्वचेवर फोड, छातीत दुखणं, न्यूमोनिया अशी लक्षणं दिसतात. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीव जातो. सर्वात जास्त धोका असतो तो सईसाला, त्याच्या घरच्यांना आणि तबेल्यात खेळणाऱ्या मुलांना. आजारी घोड्याच्या सान्निध्यात असलेल्या कुणालाही ताप आला किंवा हाताला न भरणारी जखम झाली, तर दवाखान्यात गेल्यावर "आमच्याकडे आजारी घोडं आहे" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे सांगितलं नाही तर डॉक्टर साध्या तापाचं औषध देतील आणि मोलाचे दिवस जातील.

भारतात नसलेला, पण येऊ शकणारा : आफ्रिकन हॉर्स सिकनेस

हा विषाणूचा आजार आहे. घोड्याला तो चिलटासारख्या अगदी बारीक चावणाऱ्या माशीमुळे होतो. फुप्फुसावर हल्ला झाला तर घोडं काही तासांतच श्वास कोंडून, नाकातून फेस येऊन मरतं. लागण झालेल्या बहुतेक घोड्यांचा यात मृत्यू होतो. या विषाणूचा माणसाला धोका नाही.

१९५९ मध्ये हा रोग आफ्रिकेबाहेर पडून मध्यपूर्वेत आला आणि १९६० मध्ये इराण, पाकिस्तानमार्गे भारतात पोहोचला. त्या साथीत या सगळ्या देशांत मिळून तीन लाखांहून जास्त घोडे, गाढवं आणि खेचरं दगावली. आपल्याकडे तो पुढे संपला आणि २०१४ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताला या रोगापासून मुक्त देश म्हणून मान्यता दिली.

मग आता काळजी कसली? थायलंडचं उदाहरण बघा. तिथे हा रोग कधीच नव्हता. २०२० मध्ये अचानक आला आणि ५०० हून जास्त घोडे गेले. त्यामागे परदेशातून आणलेले झेब्रे असावेत, असा संशय घेतला गेला. झेब्र्याला हा विषाणू लागला तरी तो सहसा आजारी दिसत नाही. आपल्यासारखंच उष्ण आणि दमट हवामान असलेल्या देशात हे घडलं. म्हणून डोळ्यांवर सूज आणि नाकातून फेस दिसला तर "उष्माघात असेल" म्हणून सोडून देऊ नका.

वाऱ्यासारखा पसरणारा : घोड्यांचा फ्लू

घोड्यांच्या फ्लूमध्ये मोठा ताप, कोरडा खोकला आणि नाकातून पाणी येतं. लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात आणि आठवड्याभरात अख्खा तबेला खोकायला लागतो. मृत्यू कमी होतात, पण खोकणाऱ्या घोड्याला वरातीला जुंपलं तर फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. जेवढे दिवस ताप, निदान तेवढे आठवडे विश्रांती, हा साधा नियम लक्षात ठेवा. या आजारावर लस आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते.

भारतात १९८७ च्या सुमारास मोठी साथ आली होती. त्यानंतर जून २००८ मध्ये जम्मूतल्या कटरा भागात, म्हणजे वैष्णोदेवीच्या यात्रेच्या वाटेवर, तो पुन्हा दिसला आणि पुढे अनेक राज्यांत पसरला. यात्रेकरूंना वाहून नेणाऱ्या गरीब घोडेवाल्यांचा धंदाच त्यात बसला.

ऑस्ट्रेलियात हा आजार कधीच नव्हता. ऑगस्ट २००७ मध्ये आयात केलेल्या घोड्यांच्या क्वारंटाईन केंद्रातून तो बाहेर पडला आणि काही महिन्यांत हजारो तबेल्यांत गेला. तिथल्या सरकारने सगळ्या घोड्यांची ये-जा थांबवली, लसीकरण केलं, लोकांनीही प्रत्येक खोकला कळवला आणि डिसेंबर २००७ नंतर नवा रुग्ण सापडला नाही. अशा पसरलेल्या साथीवर इतक्या लवकर मात करता आली, याचं मोठं कारण लोकांनी खबर दिली हे होतं.

सर्रा, रक्ताचा आजार आणि गोचीड

सर्रा हा आजार आपल्याकडे आधीपासून आहे. गोमाशी चावते आणि रक्तात परजीवी सोडते. ताप येतो-जातो, पाय सुजतात, घोडं झिजत जातं. त्यावर औषध आहे, पण निदान लवकर व्हायला हवं. या आजाराशी महाराष्ट्राचं जुनं नातं आहे. १८८९ मध्ये पुण्यात देशातली पहिली पशुरोग प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा तिथे सर्ऱ्यावरही संशोधन झालं. तीच प्रयोगशाळा पुढे उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला हलली आणि आज भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. सर्रा सहसा माणसाला होत नाही. पण २००४ मध्ये आपल्याच राज्यात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला त्याची लागण झाली होती. माणसात हा परजीवी सापडल्याचं ते जगातलं पहिलं पक्कं प्रकरण मानलं जातं. हा रुग्ण उपचारांनी बरा झाला.

इक्वाइन इन्फेक्शियस अ‍ॅनिमिया हा घोड्याच्या रक्ताचा विषाणूजन्य आजार आहे. एकदा झाला की घोडं जन्मभर वाहक राहतं. तो माशीतून पसरतो, तसाच एकाच सुईतूनही पसरतो. म्हणून एक सुई एकाच घोड्याला, हा नियम कधीही मोडू नका. गावात कुणी एकाच सिरिंजने रांगेत पाच घोड्यांना इंजेक्शन देत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

गोचिडांतून पसरणारा पायरोप्लाज्मोसिसही असाच रक्तातला आजार आहे. त्यात ताप येतो, डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी लालसर होते.

जखमेत किडे पडणं आपल्याला नवीन नाही. पण बाहेरच्या देशांत एका माशीच्या अळ्यांनी सरकारं हलवली आहेत. जिवंत मांस खाणारी ही अळी मेक्सिकोत पसरल्यामुळे मे २०२५ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या सीमेवरून गाईगुरं आणि घोडे आत घेणं थांबवलं. म्हणून वेगळी वाटणारी गोचीड किंवा अळी दिसली तर ती चिरडून टाकण्याआधी झाकण असलेल्या बाटलीत ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांसाठी २००९ चा केंद्रीय कायदा लागू आहे. १८९९ चा ग्लँडर्स कायदा आणि १९१० चा डौरिन या रोगाचा कायदा त्यातच विलीन झाले. या कायद्यातल्या यादीत ग्लँडर्स, आफ्रिकन हॉर्स सिकनेस, घोड्यांचा फ्लू, इन्फेक्शियस अ‍ॅनिमिया, डौरिन, सर्रा असे घोड्यांचे अनेक रोग आहेत. सोप्या भाषेत कायदा असं सांगतो :

- जनावराला यादीतला रोग असल्याची शंका आली तर मालकाने किंवा सांभाळणाऱ्याने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवलंच पाहिजे. त्यांनी ते जवळच्या पशुवैद्यकाला कळवायचं असतं. खात्री होईपर्यंत थांबायचं नाही, शंका पुरेशी आहे.
- घोडं दुसऱ्याचं असलं आणि तुम्ही फक्त सांभाळत असलात, तरी जबाबदारी तुमच्यावरही आहे.
- शंका असलेलं जनावर वेगळं बांधायचं. सामाईक चराईवर किंवा सामाईक पाणवठ्यावर न्यायचं नाही.
- सरकारने भाग नियंत्रित म्हणून जाहीर केला तर तिथून जनावरं हलवता येत नाहीत. बाजार, जत्रा, प्रदर्शनंही बंद ठेवता येतात.
- रोगाने मेलेलं जनावर नदी, तलाव, कालवा किंवा कुठल्याही पाण्यात टाकणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे मेलेलं जनावर गुपचूप खाडीत ढकलून द्यायचं कुणाच्या मनात आलं, तर त्याने हे लक्षात ठेवावं.

नियम मोडल्यास दंड आहे, दंड न भरल्यास कैदेचीही तरतूद आहे.

नेमकं कुणाकडे जायचं?

नायगाव, जूचंद्र, उमेळे हा भाग वसई-विरार महापालिकेत येतो, तर तालुक्याच्या पूर्वेकडची बरीच गावं ग्रामपंचायतीत आहेत. कुठेही राहात असाल तरी पहिली पायरी एकच, जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. तिथे पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक भेटतात. दवाखाना बंद असेल तर १९६२ लावा. ग्रामपंचायत हद्दीत सरपंच किंवा ग्रामसेवकालाही सांगा. तालुक्याला वसई पंचायत समितीचा पशुसंवर्धन विभाग आहे आणि जिल्ह्याला पालघरला पशुसंवर्धन विभागाचं कार्यालय आहे. त्यावर राज्यासाठी पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे.

खासगी डॉक्टरांना बोलावलंत तरी हरकत नाही. पण यादीतल्या रोगाची शंका आली तर ते सरकारी यंत्रणेला कळवणं त्यांच्यावरही बंधनकारक आहे. "साहेब, वर कळवू नका" अशी गळ त्यांना घालू नका.

फोनवर काय सांगायचं?

घाबरून "घोडं आजारी आहे, लवकर या" एवढंच सांगितलं तर समोरच्याला काही कळत नाही. खालील माहिती सांगा, शक्य असेल तर डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा :

"माझं नाव अमुक, गाव अमुक, तबेला अमुक ठिकाणी. माझ्याकडे एकूण चार घोडे आहेत. त्यातल्या एका घोडीला, वय सहा वर्षं, परवापासून ताप आहे. डाव्या नाकपुडीतून पिवळा घट्ट स्राव येतोय. मागच्या पायावर तीन गाठी आहेत. ही घोडी वीस दिवसांपूर्वी बाजारातून आणली. गेल्या आठवड्यात ती दोन वरातींना गेली होती. बाकीचे तीन घोडे सध्या ठीक आहेत. फोटो पाठवतोय."

यात चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत : लक्षण काय, केव्हापासून, जनावर कुठून आलं आणि कुठे कुठे गेलं. फोन कधी केला, कोण बोललं, हे वहीत लिहून ठेवा.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं?

१. आजारी घोडं बाकीच्यांपासून लांब बांधा. त्याची बादली, तोबरा, लगाम, खोगीर, खराऱ्याचा ब्रश वेगळा ठेवा.

२. एकाच माणसाने त्याच्याकडे जायचं. आधी निरोगी घोड्यांचं काम आटपायचं, मग आजारी घोड्याचं. हातमोजे आणि मास्क वापरायचा. नंतर साबणाने हात धुवून कपडे बदलायचे.

३. हातावर जखम असलेल्याने, गरोदर बाईने आणि लहान मुलांनी जवळ जायचं नाही.

४. तबेल्यातला एकही घोडा बाहेर काढायचा नाही, नवा आणायचा नाही. वरातीची सुपारी घेतली असेल तर लग्नघरी आजच कळवा. नवरदेव आणि करवल्या त्या घोड्याच्या तोंडाजवळच असतात, हे विसरू नका.

५. मनाने अँटिबायोटिक देऊ नका. लक्षणं दबली तर तपासणीत गोंधळ होतो.

६. घोडं मेलं तर कापू नका, कातडं काढू नका. काही रोगांत शरीर उघडलं की जंतू पसरतात. डॉक्टर येईपर्यंत ताडपत्रीने झाका, कुत्री-कावळे लांब ठेवा.

तपासणीत आणि त्यानंतर काय होतं?

डॉक्टर घोडं तपासतात आणि रक्ताचा नमुना घेतात. घोड्यांच्या रोगांसाठी देशातली मुख्य संस्था हरियाणात हिसारला आहे : राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. ती १९८५ मध्ये सुरू झाली. ग्लँडर्ससाठी आधी एलायझा नावाची चाचणी होते आणि त्यात शंका आली तर दुसऱ्या चाचणीने खात्री केली जाते. एका चाचणीवर कुणाचं घोडं मारलं जात नाही.

अहवाल निगेटिव्ह आला तर विषय संपला. तुमचं काही गेलं नाही, उलट घोड्याचा खरा आजार कळून योग्य औषध सुरू होतं. नाकातनं स्राव येणारं प्रत्येक घोडं ग्लँडर्सचं नसतं. साधी सर्दी, दातातला पू, गळवं यामुळेही तसं होतं.

ग्लँडर्स पक्का झाला तर केंद्राच्या २०२५ च्या सुधारित आराखड्यानुसार त्या जागेभोवती दोन किलोमीटरचा भाग संसर्गग्रस्त धरला जातो आणि दोन ते दहा किलोमीटरच्या पट्ट्यात पाहणी होते. नायगावचाच विचार केला तर दहा किलोमीटरात वसईही येते आणि खाडीपलीकडचं भाईंदरही. या भागातल्या घोडे-गाढवांची तपासणी होते, ये-जा थांबते. बाधित जनावराला वेदनारहित मरण दिलं जातं, खोल खड्ड्यात पुरलं जातं, गवत आणि अंथरूण जाळलं जातं, तबेला जंतुनाशकाने धुतला जातो.

भरपाई मिळते का?

हो. ग्लँडर्समुळे सरकारी आदेशाने मारलेल्या जनावराच्या मालकाला भरपाई देण्याची तरतूद आहे आणि ती जनावराच्या प्रकारानुसार ठरते. ही रक्कम चांगल्या घोड्याच्या बाजारभावाइतकी नसते, हे खरं आहे. कर्ज काढून घोडी घेतलेल्या माणसाला ते जड जातं. म्हणूनच कागदपत्रं आधीपासून नीट ठेवा : खरेदीची पावती, घोड्याचे चारही बाजूंचे फोटो, लसीकरणाची नोंद, विमा असेल तर पॉलिसी. जनावर मारण्याआधी पंचनामा होतो ना, त्यावर तुमचं नाव बरोबर आहे ना, हे पाहा. आधार आणि बँक पासबुकाची प्रत तिथेच द्या. अहवालाची प्रत मागून घ्या.

आता दुसरी बाजू पाहा. आजारी घोडं गुपचूप दुसऱ्या तालुक्यात विकलं तर हाती चार पैसे येतील. पण तोवर तुमच्या तबेल्यातल्या बाकीच्या घोड्यांना लागण झालेली असू शकते. ती उशिरा दिसेल, तेव्हा एकाऐवजी चार घोडे जातील. ज्याने विकत घेतलं त्याचं घर उठेल. आणि सईसाला किंवा पोराला लागण झाली तर त्याची भरपाई कुठलंच सरकार करू शकत नाही.

शेजाऱ्यांसाठीही एक सांगणं

कुणाच्या तबेल्यात सरकारी डॉक्टर आले म्हणून त्याचा व्हिडिओ काढून "या घोड्यांना जीवघेणा रोग" असं लिहून ग्रुपवर टाकू नका. अहवाल येण्याआधी बदनामी झाली तर पुढच्या वेळी दुसरा घोडेवाला आजार लपवेल आणि त्याचा धोका सगळ्या गावाला होईल. ज्याने कळवलं त्याने गावावर उपकारच केलेत.

आजार येऊच नये म्हणून

- बाजारातून आणलेलं घोडं किमान तीन आठवडे वेगळं बांधा. घेताना ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल मागा.
- जत्रेत आणि वरातीत सामाईक टाक्यावर पाणी पाजू नका, आपली बादली सोबत न्या.
- नालबंदाला अवजारं धुवायला जंतुनाशकाचं पाणी द्या.
- शेण रोज लांब टाका, तबेल्याभोवती पाणी साचू देऊ नका. संध्याकाळी आणि पहाटे बारीक माशा जास्त चावतात, तेव्हा घोडे आत ठेवा, जाळी लावा.
- घोडं कुठे कुठे गेलं याची तारखेनुसार वहीत नोंद ठेवा. साथ आली तर हीच वही सगळ्यात आधी उपयोगी पडते.

शंका आली त्याच दिवशी फोन करा. तपासणीत काही निघालं नाही तर कुणी रागावणार नाही. ही माहिती आपल्या गावातल्या घोडेवाल्यांपर्यंत, विशेषतः ज्यांच्याकडे मोबाईल नाही अशा सईसांपर्यंत, जरूर पोहोचवा.